सगळ्यांचं रडून झाल्यावर

माझा नवरा काश्मीरच्या लढाईत गेला, हे आमच्या गावात सगळ्यात शेवटी मला कळलं. माझ्या आधी सासऱ्याला कळलं, सासूला कळलं, नणदेला कळलं. गावच्या पाटलाला, न्हाव्याला, आमच्याकडे शेण काढायला येणाऱ्या बाईलाही कळलं. तार आली तेव्हा धान कापून खळ्यावर आलं होतं. मला सांगितलं ते माघ सरताना, नणदेचं लग्न पार पडल्यावर. मधले सगळे दिवस मी कुंकू लावून त्याच्या सुट्टीची वाट पाहत काढले.

सासरचं गाव अर्जुनी मोरगावच्या पलीकडे, पायी गेलं तर सकाळ मोडावी इतकं लांब. गावचा तलाव सासऱ्याच्या पूर्वजांनी बांधलेला. जमीन भावाभावांत वाटली जाऊन थोडी उरली होती, पण तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी सोडायचं ते अजून सासराच सांगे. त्याच्या शब्दाबाहेर गावात कोणी जात नसे. का जात नसे, ते मला त्या वर्षी कळलं.

तोंडावर मी नवऱ्याला कधी 'तुम्ही'शिवाय बोलले नाही. लिहिताना मात्र 'तो' येतं. तो माझ्या मनात जेवढा होता तेवढाच राहिला, आणि मी आता त्याची आई शोभावी एवढी झाले.

त्याला शेतीचा कंटाळा नव्हता, मोटारीचं वेड होतं. उन्हाळ्यात विड्यांचा तेंदूपत्ता न्यायला गोंदियाहून ट्रक येत, त्यांच्या मागं तो लहानपणी जंगलापर्यंत धावत जायचा. जर्मनीशी चाललेली मोठी लढाई संपत आली होती तेव्हा एक दिवस घरी न सांगता भरतीला गेला, कारण कोणीतरी सांगितलं की फौजेत फुकट गाडी शिकवतात. सासरा वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. मग लग्न लावून दिलं, म्हणजे पाय घरात अडकेल. पाय अडकला नाही. तो दोनदा सुट्टीवर आला. आमचा संसार म्हणजे त्या दोन सुट्ट्या.

दुसऱ्या सुट्टीत एका दुपारी त्यानं मला परसात बाजेवर बसवलं, हातात मुसळ दिलं आणि गिअर कसा टाकायचा ते शिकवू लागला. नणंद मागं बसली, ती म्हणे सवारी. मी मुसळ ओढलं की तो तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचा, चुकलं की बाज गदागदा हलवून 'गाडी बंद पडली' म्हणायचा. नणंद हसून हसून खाली पडली. सासू आतून ओरडली, "अवं, तुमाले काही कामं हायेत का नाही?" आणि बाहेर येऊन पाहते तर तीही पदरात तोंड लपवून हसत उभी.

नणंद माझ्याहून वर्षभरानं लहान. त्या घरात माझी म्हणावी अशी तीच. तो नसताना आम्ही एका चटईवर झोपायचो. तिचं एकदा जुळलेलं लग्न मोडलं होतं, मुलाकडच्यांनी काही कारण न देता नकार कळवला होता. तेव्हापासून तिच्याकडे पाहून सासू उसासे टाकी. त्या वर्षी भातकापणीच्या आधी पुन्हा जुळलं. आमगावकडचं घर, चांगली बांधीशेती. माघातला मुहूर्त धरला. आणि कापणी उरकते न उरकते तोच तार आली.

ती आली त्या दिवशी मी काय करत होते, हे मी कितीदा आठवून पाहिलं आहे. आठवत नाही. भात रांधला असेल, पाणी भरलं असेल. एवढंच आठवतं की त्या सुमारास सासूचे डोळे लाल असायचे.

"काय झालं, आत्याबाई?"

"धानाचं कूस गेलं डोऱ्यात."

मी तिच्या डोळ्यांत पदराचं टोक ओलं करून फिरवलं. तिनं फिरवू दिलं.

पुढच्याच आठवड्यात सासरा रामटेकला जाऊन आला, तो डोकं भादरून. मिशाही नव्हत्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते, त्याला असं पाहून दचकले.

तो म्हणाला, "लेकासाठी नवस होता. केस देऊन आलो."

मी त्याच्या पाया पडले. सासरा असून सुनेच्या कुंकवासाठी एवढं करतो, म्हणून मला भरून आलं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तांब्यातलं पाणी न घेताच तो आत गेला. मला वाटलं, प्रवासाचा शीण. तो रामटेकच्या अंबाळा तलावावर मुलाचे दिवस करून आला होता.

पौषात एक दिवस अर्जुनीहून आलेल्या एकानं बातमी आणली की काश्मीरची लढाई थांबली. स्टेशनमास्तरनं सांगितलं म्हणाला, रेडिओवर आलं. सासू-सासरे शेतावर होते. मी कोठीतून गुळाची ढेप काढली, फोडली, परातीत खडे घेतले आणि घरोघर निघाले. डोक्यावरचा पदर सावरायचंही मला भान नव्हतं.

पहिलं घर शेजारच्या काकीचं.

"कायले वाटून राहिली, बाई?"

"लढाई थांबली ना, काकी! आता सुट्टी भेटन."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हात पुढं केला. "हो माय. भेटन."

गूळ तिनं पदरात बांधला. पुढच्या घरी तसंच. त्याच्या पुढच्या घरीही. कोणी 'देव पावला' म्हणालं, कोणी नुसतं हं केलं. सगळ्यांनी हात पुढं केला, पण माझ्यासमोर एकीनंही गुळाचा खडा तोंडात टाकला नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी शेवटच्या घरापर्यंत गेले, आणि उरलेला खडा स्वतः खाल्ला.

त्या दिवशी एकीनं तरी मला हाताला धरून आत न्यायला हवं होतं. मी त्यांच्यासोबत धानाच्या रोवण्याला चिखलात उभी राहिले होते, त्यांच्या बाळंतपणांत रात्री जागले होते. पुढं एकदा काकी भेटली तेव्हा म्हणाली, "तुह्या सासऱ्यानं घरोघर येऊन हात जोडले होते. आन् पाणी त्याच्याच हाती. आमी काय करावं?" दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. तिनं त्या एका दमात सांगितल्या.

लग्नघरी कासार आला. मुलीला हिरवा चुडा भरला, मग घरातल्या बायका एकेक करून बसल्या. मी हात पुढं केला तर कासार टोपल्यात उगाच चाळवाचाळव करू लागला. "या बाईच्या मापाच्या नाहीत," म्हणाला. त्याच्यासमोर माझ्या मापाच्या बांगड्यांची अख्खी माळ पडली होती. सासू म्हणाली, "राहू दे, हिच्या हातात हायेतच." तेवढ्यात नणंद, नवरी असूनही, उठून आली. तिनं ती माळ उचलली आणि कासारासमोर आपटली.

"वयनीले भरा. नाहीतर माह्याबी काढून टाका."

कासारानं मुकाट्यानं भरल्या. मला वाटलं, काय माया आहे या पोरीची.

हळदीला मात्र मला कोणी बोलावलं नाही. मी नवरीची सख्खी भावजय, पहिला हात माझा. पण बायकांनी मला चुलीपाशी धाडलं, वडे तळायला. माझी माय लग्नाला आली होती. तिनं येऊन माझ्या कपाळाला हात लावला. "तुले कणकण हाये. मांडवात नको जाऊ, इथंच बस." मला कणकण नव्हती. पण मायचा हात इतका गार होता की मला वाटलं, असेल बाई. ती लग्नाचे सगळे दिवस माझ्याजवळ झोपली. मी झोपेत कूस वळवली तरी ती जागी असायची.

लग्न लागलं. कानपिळीला नवरीचा भाऊ लागतो, तिथं चुलत दिराला उभं केलं. त्यानं नवरदेवाचा कान धरल्यासारखं केलं. मी नवरीच्या कानाशी लागून म्हटलं, "हे काय पिळणं झालं? तुहा भाऊ येऊ दे सुट्टीवर, मंग पाह्यजो." ती मोठ्यानं रडायला लागली. अक्षता अजून अंगावर होत्या. सगळ्या बायकांनी तिला घेरलं आणि मला मागं सारलं.

पाठवणीच्या वेळी ती माझ्या गळ्यात पडली ती सुटेच ना.

"वयनी, मले माफ करजो."

"अवं, कायची माफी? जा सुखानं."

"माफ केलं म्हण."

"केलं बाई, केलं."

मी हसतच म्हटलं ते.

ती माघारी येऊन पुन्हा सासरी गेली, मांडव उतरला, आणि त्याच सकाळी गावच्या बायका आमच्या अंगणात येऊन बसल्या. मला वाटलं, मांडवाचं काही राहिलं असेल. मी घोंगडी अंथरली. तेवढ्यात सासूनं छाती बडवून हंबरडा फोडला, "माह्या लेका रे!" मी धावत जाऊन तिला धरलं. "काय झालं? कोनाले काय झालं?" आणि माझे दोन्ही हात मागून कोणीतरी पकडले. एकीच्या हातात दगड होता, बांगड्या फोडायला आणलेला.

तेव्हा कळलं. काय झालं ते कळलं, पण त्याच क्षणी दुसरंही कळलं. अंगणातली एक बाई विचारत नव्हती की कसं झालं, कधी झालं. कोणी चमकलं नव्हतं. त्या तयार होऊन आल्या होत्या.

"कवा?" मी विचारलं.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आमच्या गल्लीत एक म्हातारी विधवा होती, ती म्हणाली, "धानाचे पुंजणे खळ्यावर होते तवा, बाई. आता रडून घे."

मला रडू आलं नाही. मी हात सोडवून घेतले आणि ओसरीवर गेले. सासरा खांबाला टेकून बसला होता. त्याच्यासमोर मी कधी मान वर करून उभी राहिले नव्हते.

"मामाजी, मले काऊन नाही सांगतलं?"

त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "घरात सुतक हाये म्हटलं असतं तर लगन मोडलं असतं. एकदा मोडलंच होतं. पोरीचा जनम गेला असता."

"आन् माहा?"

"तुहा तर गेलाच होता ना, बाई. आधी काय न् मंग काय."

तो दुष्ट माणूस नव्हता. हे मी आज लिहू शकते. त्यानं त्याच्या मनाशी दोन पोरी तोलल्या, आणि त्यातली एक त्याची होती. सासूचंही तसंच. तिचा पोटचा गेला आणि तिला चुलीच्या आड तोंडात पदर कोंबून रडावं लागलं, कारण सून घरात होती. मी जिथं जाईन तिथं त्यांना हसरं तोंड करावं लागलं असेल. हे सगळं मला समजतं. समजलं म्हणून काही कमी झालं नाही.

बांगड्या मी फोडू दिल्या नाहीत. आत गेले, दोन लुगडी बांधली आणि निघाले. कोणी अडवलं नाही. अर्जुनीला पोचेपर्यंत ऊन माथ्यावर आलं होतं. गोंदियाची छोटी गाडी मिळाली. समोरच्या बाकावर एक हिंदी बोलणारी बाई लेकरांना घेऊन बसली होती. माझ्या हातातला हिरवा चुडा पाहून तिनं विचारलं, "आदमी कहाँ रहता है?"

"फौज में," मी म्हटलं.

"छुट्टी पे आता है?"

"आनेवाला है."

ती खूश झाली. लेकराच्या हातातला पेरू मोडून तिनं मला अर्धा दिला. मी तो खाल्ला. सगळ्या गावानं माझ्याशी जे केलं ते मी त्या अनोळखी बाईशी केलं, आणि तेवढ्या प्रवासापुरता तो खरंच येणार होता.

माहेर मुर्रीला, गोंदियाच्या कडेला. दार मायनं उघडलं. मी एकटी, भर संध्याकाळी, हातात गाठोडं. तिनं विचारलं नाही, काऊन आली. विचारलं नाही, कोणाबरोबर आली. ती नुसती बाजूला झाली, मला आत यायला वाट करून दिली. मला कळायचं उरलेलं ते तिथं कळलं. सबंध वाट मी स्वतःला सांगत आले होते की मायला ठाऊक नसेल.

"तुलेबी ठाऊक होतं?"

ती खाली बसली. "मी मांडवात आल्यावर सांगतलं मले. तुह्या सासऱ्यानं माह्या पायावर डोकं ठेवलं. म्हणे, चार दिवस दम धरा, पोरीचं लगन होऊ द्या."

"मी तुही पोरगी होती ना?"

तिनं पाणी आणलं, माझे पाय धुतले. मी धुऊ दिले. दुसऱ्या दिवशी ती मला विहिरीवर नेऊन बांगड्या उतरवू म्हणाली. मी साबणाचं पाणी घेतलं आणि एकेक बांगडी हातातून सरकवून काढली, अख्खी. त्या मी तिथंच विहिरीच्या काठावर ठेवून आले. पुढं त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

माय गेली तोवर आम्ही एकाच घरात राहिलो, तिचं सगळं मी केलं. पण तिनं माझ्या कपाळाला हात लावला की मी मान मागं घ्यायची. तिला ते कळायचं.

आमच्यात दुसरं लग्न होतं. दोन ठिकाणं सांगून आली. मी नाही म्हटलं. चौथीपर्यंत शिकले होते, पुढं शिकले, मास्तरणीचं शिक्षण घेतलं आणि गोंदियातल्या मुलींच्या शाळेत लागले. माय गेल्यावर फुलचूरच्या बाजूला खोली घेतली.

त्या शाळेच्या फाटकाशी एक दिवस एक माणूस येऊन उभा राहिला. तो पूर्वी फौजेत होता, आता तांदळाच्या गिरणीचा ट्रक चालवत होता. माझ्या नवऱ्याबरोबर एकाच ताफ्यात गाडी चालवलेली. फाटकाबाहेर लिंबाखाली उभ्या उभ्याच त्यानं सांगितलं. घाटाच्या रस्त्यानं रसद चालली होती, दिवसाउजेडी. वरच्या टेकडीवरून गोळ्या आल्या. दाराच्या पत्र्यातून आली ती त्याला लागली. त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला दाबून लावली आणि ब्रेक ओढला. ब्रेक ओढलेला होता, गाडी मागं घसरली नाही, म्हणून मागच्या गाड्या वाचल्या.

"खाने में क्या मिलता था उधर?" मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

तो हसला. "रोटी। रोज चिढ़ता था, भाभीजी। बोलता, ये तो नाश्ता हुआ, खाना कब मिलेगा? चावल के बिना उसका पेट नहीं भरता था।"

तेव्हा मी पहिल्यांदा रडले. रस्त्यावर, मुलींच्या देखत. तो बिचारा गोंधळला. मग म्हणाला, "मैं तो तभी आया था आपके गाँव, आपकी ननद की शादी के पहले। बाबूजी ने तालाब के बाँध पर से ही लौटा दिया। बोले, बहू मायके गई है।"

मी त्या दिवसांत एकदाही माहेरी गेले नव्हते.

सासरा वारला तेव्हा निरोप घेऊन माणूस त्याच दिवशी आला. मी गेले नाही.

नणंद आली ती त्यानंतर. तिच्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती, अंगानं भरली होती, सोबत मुलगा. दारात उभी राहून 'वयनी' म्हणाली आणि मी ओळखण्याआधीच रडू लागली. मी चटई टाकली. पाणी दिलं. भात टाकला, कारण दुपारची वेळ होती.

"तू मले कधी भेटाले नाही आली," ती म्हणाली.

"नाही आली."

"मले ठाऊक होतं वयनी. तार आली त्या सकारीपासून ठाऊक होतं. बाबानं शपथ घातली होती. रात्री तू चटईवर त्याच्या गोष्टी सांगायची, सुट्टीवर आला का हे करू, ते करू. मी तोंड फिरवून पडायची." मग थोडं थांबून म्हणाली, "मी मनाले एकच म्हणत होती. तुले तेवढे तरी दिवस सुखाचे भेटून राहिले."

ती हे किती वर्षं मनात घेऊन फिरली असेल. ती मनापासून बोलत होती, आणि मला तिच्या तोंडात मारावीशी वाटली.

"ते दिवस मले रडाले पाह्यजे होते," मी म्हटलं. "तुह्यासंग. आत्याबाईसंग. त्याच चटईवर. तुमी साऱ्याइनं रडून घेतलं, गुपचूप का होईना. मले सांगतलं तवा तुमचं सगळ्याइचं रडून झालं होतं. माह्यासंग रडाले कोनी उरलं नोहतं."

चुलीवर भाताला कढ आला होता, मी उठून झाकण सरकवलं. मुलगा दारात बसून आमच्याकडे टकमका पाहत होता.

"मामीले नाव सांग तुहं," ती त्याला म्हणाली.

त्यानं सांगितलं. तिनं त्याला भावाचं नाव ठेवलं होतं. ते नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मग कधी उच्चारायची वेळच आली नाही. ती माझ्याकडे आशेनं पाहत होती की मी आता ते नाव घेऊन त्याला जवळ बोलावीन.

"ये बाळ," मी म्हटलं, "हात धू. भात झाला."

त्यानं पोटभर खाल्लं. दुसऱ्यांदा मागितला तेव्हा मी वाढला. नणंद नुसता भात चिवडत राहिली. गाडीची वेळ झाली तशी मी त्यांना टांग्यापर्यंत सोडायला गेले. चढताना तिनं माझा हात धरला आणि विचारलं, पोराला सुट्टीत धाडू का चार दिवस? मी म्हटलं, धाड.

"आन् मी?"

मी टांगेवाल्याला म्हटलं, "चलो भैया, गाडी छूट जाएगी।"

मुलानं मागं वळून हात हलवला. मीही हलवला. ती समोर पाहत बसली होती.